मिस्त्रींची दाढी

आमच्या रस्त्यावरच्या लोकांना गॅरेजात काय चाललंय ते मिस्त्रींच्या गालांवरून कळायचं. गालावर आठवड्याचे पांढरे खुंट असले, तर ब्रेक, क्लच, सायलेन्सर असलं काहीतरी किरकोळ. गाल गुळगुळीत आणि कानापाशी पावडर राहिलेली असली, तर आज कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनाचं डोकं उघडलेलं असायचं. समोरचा रसवंतीवाला लांबूनच ओरडायचा, "काय मिस्त्री, आज मोठं ऑपरेशन झालं वाटते!" मिस्त्री नुसता हात वर करून पुढे जायचे.

त्याचं असं होतं, की इंजिनाचं वरचं झाकण काढून आतल्या व्हॉल्व्हचं किंवा टॅपेटचं काम झालं, झाकण परत बसलं, की मिस्त्री त्याच्यावर एक जुनी फुलाफुलांची चादर टाकायचे. "निजू द्या त्याले," म्हणायचे आणि रस्ता ओलांडून सलूनमध्ये दाढी करायला जायचे. चांगला अर्धा तास. तोवर गाडीच्या चावीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बाबांचीसुद्धा नाही, आणि गॅरेज बाबांचं होतं.

मला या माणसाचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक अशा माणसांबद्दल लिहितात तेव्हा पहिल्यापासूनच त्यांच्या पाया पडत असतात. मी पडले नाही. मी त्यांच्यावर जळत होते, आणि दोन वर्षं मन लावून जळत होते.

गॅरेज अकोल्यात, बाळापूर नाक्याच्या अलीकडे. वर पत्रे, दारात एक कडुनिंब. मिस्त्री मूळचे तेल्हाऱ्याचे, पण माझ्या जन्माच्या आधीपासून बाबांकडे. मी अमरावतीला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला. तीन वर्षं मेसचं पातळ वरण खाल्लं, अख्ख्या वर्गात एकटी मुलगी म्हणून बसले आणि फर्स्ट क्लास घेऊन घरी आले. मला वाटलं होतं, गॅरेजात पाऊल टाकलं की बाबा म्हणतील, आली आमची मिस्त्री. बाबा म्हणाले, "आली का बाई? बरं झालं. काय करू तं मिस्त्रीले विचार."

बाहेरच्या माणसाला वाटेल, मिस्त्री म्हणजे काय, मेकॅनिकच की. तसं नसतं. गॅरेजात कामाला कितीही जण असले, तरी मिस्त्री एकच असतो, आणि तो कोण हे पाटीवर लिहिलेलं नसतं. गाडी घेऊन आलेला माणूस चावी ज्याच्या हातात देतो, तो मिस्त्री. मी अंगात निळा डगला घालून दारातच उभी असायची. गिऱ्हाईक उतरायचं, माझ्याकडे बघून गोड हसायचं, "मिस्त्री हायत ना आत?" विचारायचं आणि माझ्या पुढे केलेल्या हाताला वळसा घालून निघून जायचं. आत मिस्त्री चावीकडे न बघताच ती घ्यायचे आणि खांबावरच्या खिळ्याला अडकवायचे. त्या खिळ्याखालून मी दिवसातून पन्नास वेळा जायची आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरायचं.

मी त्यांना लहानपणापासून काका म्हणायची, ते माझ्या पथ्यावरच पडलं. काका म्हटलं की मिस्त्री म्हणावं लागत नसे.

आणि त्यांचे ते पांढरे शर्ट! जगात कुठला मेकॅनिक पांढरा शर्ट घालून गाडीखाली जातो? हे जायचे. पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा, आणि बाहेर यायचे तेव्हा एक डाग नाही. मी नुसतं ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली तरी माझ्या कपाळाला काळं लागलेलं असायचं. संध्याकाळी मी कोपरापर्यंत हात रॉकेलने पुसून, साबण लावून, विटेच्या तुकड्याने घासत बसायची. तेव्हा मिस्त्री नळाखाली बोटांची टोकं ओली करून रुमालाला पुसायचे की झालं. एकदा रागाने मी विचारलंच, "काका, तुम्हाला काहीच कसं लागत नाही?" ते म्हणाले, "ताई, जेथं हात लावाचं काम नाई तेथं मी लावतच नाई."

दुसरी खोड अशी, की ते गाडीसमोर गाडीची वाईट बातमी सांगत नसत. इंजिन कामातून गेलं असेल, तर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कडुनिंबाच्या पलीकडे नेणार, तिथून हळू आवाजात सांगणार. एकदा तर एका शेतकऱ्याला थेट पानठेल्यापर्यंत घेऊन गेले, कारण गाडीच्या काचा उघड्या होत्या. मी बाबांना म्हटलं, "हा काय वेडेपणा?" बाबा म्हणाले, "अवं, त्या माणसाले रडू आलं तं? येथं चार लोकं पाहून राहतात ना." हे कारण माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याचाही मला राग आला. पण खरं कारण बाबांना कळत होतं आणि मला नाही, त्याचा जास्त आला.

मी नागपूरहून स्कॅनर आणला तेव्हाची गंमत सांगते. गाडीला तार जोडायची, की कुठला सेन्सर बिघडलाय ते पडद्यावर येतं. मला वाटलं, आता बसतील गप्प. पहिल्याच दिवशी एक गाडी धक्के मारत आली. मिस्त्री बॉनेटवर तळहात ठेवून, तोंड भलतीकडेच, कडुनिंबाकडे करून दोन मिनिटं उभे राहिले. इंजिन ऐकताना ते नेहमी असेच दुसरीकडे बघायचे. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "लाव तुही मशीन." मी लावली, वाचून दाखवलं, तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी नीट पडत नाही. मिस्त्रींनी मान डोलवली. "बराबर सांगते," म्हणाले आणि चहाला गेले. त्या डब्याला शाबासकी मिळाली. तो डबा आणायला नागपूरच्या बसमध्ये सगळा रस्ता उभी राहिलेली मी, मला काही नाही.

पण सगळ्यात जास्त मला लागायचं ते त्यांचं "रेघ पाय," म्हणजे रेघ पाहा. इंजिनात एक पट्टा असतो. खालचं चाक आणि वरचं चाक, दोन्हींवर बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या ठरलेल्या जागी जुळवून पट्टा चढवायचा, नाहीतर व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात आणि खालून येणारा पिस्टन त्यांना ठोकतो. शाळकरी पोराला समजावं अशी गोष्ट. प्रत्येक गाडीला मिस्त्री पट्टा चढवायचे आणि सगळ्यांसमोर मला हाक मारायचे, "ताई, ये बरं. रेघ पाय, बराबर आली का?" मी वाकून बघायची आणि म्हणायची, आली. पुन्हा दुसऱ्या गाडीला तेच. फर्स्ट क्लास मिळवून आलेल्या मुलीची हा माणूस रोज उजळणी घेतो, असं मला वाटायचं. मी ओठ आवळून "आली" म्हणायची.

तर त्या सिस्टरच्या गाडीचा दिवस.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. आमच्या बुद्धविहारातल्या ओळखीच्या, मला फ्रॉकमध्ये पाहिलेल्या. त्यांची गाडी टकटक वाजायला लागली होती. "गेटवरचा चौकीदार आवाजावरून सांगते, सिस्टर आल्या," असं म्हणत त्या सकाळी सकाळी आल्या. मी बॉनेट उघडून ऐकलं आणि म्हटलं, "टॅपेट गेलेत. बदलावे लागतील." सिस्टर म्हणाल्या, "हो का?" मग मिस्त्री आले, हात ठेवला, कडुनिंबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "टपेट गेले." सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, समजलं तरी!" आणि चावी त्यांच्या हातात दिली.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. बाबा खुर्चीतून म्हणाले, "हे काम आमची बाई करन. मिस्त्री, तुमी फक्त पाहा."

"करू द्या ना," मिस्त्री म्हणाले, "मी कायले मधात येऊ?"

सामान मागवून काम दुसऱ्या दिवशी धरायचं ठरलं. सिस्टरना त्या दुसऱ्या दिवशीच दुपारी चार वाजता धामणगाव रेल्वे या गावी भावाकडे निघायचं होतं. मी नवे टॅपेट आदल्या दिवशीच पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तेलात बुडवून ठेवले. ही छोटी छोटी भांडी असतात, आत तेल भरून व्हॉल्व्हवर टेकून बसतात, म्हणजे मध्ये फट राहत नाही आणि टकटक होत नाही. सकाळपासून मी झाकण काढलं, वरचा दांडा काढला, जुने टॅपेट उचलले, नवे बसवले, दांडा परत आवळला, पट्टा चढवला. रेघा जुळवल्या. मिस्त्री स्टुलावर बसून पाहत होते. एकदाही जागचे उठले नाहीत. तीन वाजत आले तेव्हा मी शेवटचा बोल्ट आवळला. ते उठले, घडी केलेली चादर माझ्या हातात दिली.

"आधी चादर. मंग दोन चक्कर हातानं. मंग चावी. अर्ध्या तासात मी येतोच," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

मी चादर टेबलावर ठेवून दिली.

आता प्रामाणिकपणे सांगते. मला त्या क्षणी एकच गोष्ट हवी होती. सिस्टर पर्स घेऊन येऊन उभ्या होत्या, बाबा खुर्चीत होते. मिस्त्री दाढी करून यायच्या आत ती गाडी चालू व्हावी आणि सिस्टरनी चावी माझ्या हातातून घ्यावी, बाबांच्या डोळ्यांदेखत. चादर आणि दाढी म्हणजे मला मांजर आडवं गेल्यासारखा प्रकार वाटत होता. लोखंडाला कसली झोप?

दोन चक्कर हाताने मात्र मी दिले, कारण ते पुस्तकातही होतं. खालच्या चाकाला पाना लावून इंजिन फिरवलं. एरवी जोर लावावा लागतो, त्या दिवशी पाना सहज फिरला. मला वाटलं, काय सफाईचं काम झालंय माझं! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, खिळ्यावरची चावी काढली आणि सेल्फ मारला.

इंजिन भिरभिर फिरलं. भलतंच हलकं, रिकाम्या विहिरीवर रहाट फिरावा तसं. चालू झालं नाही.

पुन्हा मारला. पुन्हा भिरभिर. बाबांनी पेपर खाली ठेवला. गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल आणि दम. मी प्लग काढून पाहिले, चारही ठिकाणी निळी ठिणगी, मस्त. पेट्रोल येत होतं, प्लगांना वास होता. पुन्हा सेल्फ मारला. बॅटरी दमली, तेव्हा बाबांच्या जीपची बॅटरी तारांनी जोडली आणि पुन्हा मारला. मग उरला दम. सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते मोजायचा गेज मी लावला, आणि काटा वर चढेचना. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही. चारही सिलिंडरांची हवा कुठून तरी पळून जात होती.

एकाच वेळी चारही ठिकाणी दम जातो तो व्हॉल्व्ह वाकल्यावर. म्हणजे माझी रेघ चुकली होती. म्हणजे पिस्टनने व्हॉल्व्ह ठोकले होते आणि आता सगळं डोकं उतरवावं लागणार होतं. सिस्टरचं धामणगाव बुडालं होतं आणि बाबांनी दिलेलं पहिलं इंजिन मी मारलं होतं. मी पट्ट्यावरचं झाकण काढून रेघा पाहिल्या. बरोबर होत्या. पुन्हा पाहिल्या. बरोबर होत्या. पण माझा आता माझ्याच डोळ्यांवर विश्वास नव्हता. मी तिसऱ्यांदा पाहायला वाकले तेव्हा मागून सिस्टर म्हणाल्या, "मिस्त्रीले बोलावून घे ना माय, समोरच तं हायत."

मी मेले असते पण बोलावलं नसतं. मी पुन्हा सेल्फ मारला.

मिस्त्री आले ते त्यांच्या वेळेवर आले. गाल गुळगुळीत, तुरटीचा वास. आधी टेबलावरच्या चादरीकडे पाहिलं, तिची घडी मोडलेली नव्हती. मग वाकून सेल्फच्या मोटरवर हात ठेवला आणि चटकन काढला. मोटर तापलेली होती.

"काय झालं मिस्त्री?" बाबांनी विचारलं.

"काई नाई भाऊ," मिस्त्री उजवा कान चोळत म्हणाले. "मीच ताईले सांगून गेलो होतो, तोवर सेल्फ मारून पाय मनून. माहीच घाई झाली."

मी चुकले होते, आणि माझी चूकसुद्धा या माणसाने उचलून स्वतःच्या खिशात घातली होती. तिथं सगळ्यांसमोर रडता येत नव्हतं म्हणून मी पाना पुसत राहिले. त्यांनी चादर उलगडून इंजिनावर टाकली, कोपरे नीट केले. सिस्टरना म्हणाले, "बाई, रस पेऊन या एक गिलास." आणि स्वतः पुन्हा सलूनमध्ये गेले. दाढी तर झालेलीच होती. त्यांनी केस कापून घेतले. वर चंपीही करून घेतली असावी, कारण परत आले तेव्हा टाळू चमकत होती.

"दोन चक्कर दे," म्हणाले. मी पाना लावला. आता पाना अडला. जोर लावावा लागला, तेव्हा कुठं फिरला. माझ्या हाताला तो अडसर इतका गोड कधी लागला नव्हता.

"लाव चावी."

इंजिन एका दमात चालू झालं. आधी खडखडलं, दहा-बारा सेकंद, मग आवाज हळूहळू उतरत गेला आणि टकटक नाहीशी झाली. सिस्टर रसाचा गिलास हातात घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्यांनी सवयीने मिस्त्रींपुढे हात केला. मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि ते कडुनिंबाकडे बघत होते. सिस्टर गोंधळल्या, मग माझ्याकडे वळल्या, आणि मी गाडी बंद करून काढलेली चावी त्यांनी माझ्या हातातून घेतली. बाबांच्या डोळ्यांदेखत. मला हवं होतं अगदी तसंच सगळं झालं, फक्त ते मी मिळवलेलं नव्हतं, मला दिलेलं होतं. त्या संध्याकाळी मला मिस्त्रींचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता.

सिस्टर गेल्यावर मी त्यांना नळापाशी गाठलं. "काय होतं ते?"

"नवे टपेट तेलानं तट्ट फुगून रायतात, ताई. व्हालले खाली बसू देत नाई. तोंड उघडं रायलं तं दम कसा धरन? त्यायचं तेल हळूहळू दबू द्या लागते. तू सेल्फ मारत गेली, त्यायच्यात आणखी तेल भरत गेलं."

मी डोक्याला हात लावला. हे मला माहीत होतं. शब्दशः माहीत होतं. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात यावर प्रश्न होता आणि मी दीड पान उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट.

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगतलं ना. चादर टाक मनलं."

"आणि दाढी? दाढीचं काय काम त्यात?"

मिस्त्री जरा लाजले. एवढ्या वर्षांत त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "येथं बसलो की माहे हात शिवशिवतात," ते म्हणाले. "जवानीत दोन इंजिनं मारले मी असे, घाईघाईत. मंग ठरवलं, तेथं जाऊन बसाचं. गळ्यावर वस्तरा असला तं माणूस उठते का? आज तुहा सेल्फ मले तेथं ऐकू येऊन राहिला होता. लय जीव तुटला. पण काय करतं, अर्धी दाढी बाकी."

म्हणजे हा माणूस माझ्यासारखाच उतावळा होता. मी इतके दिवस त्यांच्या शांतपणाचा हेवा करत होते, आणि तो शांतपणा त्यांचा नव्हताच, तो सलूनवाल्याच्या वस्तऱ्याचा होता. मला खूप बरं वाटायला हवं होतं. पण आपला उतावळेपणा ओळखून त्याला खुर्चीत नेऊन बसवायचं, हे मला सुचलं नव्हतं, म्हणून त्याचाही हेवा वाटलाच.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी ते गेले. एका सकाळी बाबांना म्हणाले, भाऊ, आता बस झालं, तेल्हाऱ्याले जातो पुतण्याकडे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मोतीबिंदू हाय ना. रेघ दिसत नाई."

"कधीपासून?"

"होईन दोनेक साल."

"मग इतके दिवस?"

"इतके दिवस तू पाहत होती ना," मिस्त्री म्हणाले, अगदी साध्या आवाजात.

रोज ओठ आवळून मी जे "आली" म्हणत होते, त्यावर त्यांनी एकेक पट्टा चढवला होता. आणि मी उजळणी समजत होते.

पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण ते परतले नाहीत. गॅरेजात दोन मिस्त्री कायले, असं त्यांनी बाबांना सांगितलं म्हणे. गिऱ्हाइकं वर्षभर तरी "मिस्त्री कुठं गेले?" विचारत राहिली, मग हळूहळू चाव्या माझ्या हातात यायला लागल्या. मिस्त्री मात्र कुणी म्हणत नाही, ताई म्हणतात. फुलाफुलांची चादर मी वापरते. ती टाकली की मीही समोर सलूनमध्ये जाऊन बाकावर बसते आणि शिळे पेपर वाचते. सलूनवाला आता विचारतही नाही, चहा सांगतो.

एकदा बोलता बोलता सिस्टरच्या गाडीचा विषय निघाला आणि मला राहवलं नाही. मी बाबांना सांगून टाकलं, की त्या दिवशी घाई माझी होती. बाबा हसले. "मले तवाच समजलं होतं. मिस्त्री खोटं बोलला की उजवा कान चोळते. तीस वर्सं पाहून राहिलो." बाबा खोटं बोलताना काय चोळतात, हे मला आजही माहीत नाही. मिस्त्रींना नक्की माहीत असणार.

गेल्या उन्हाळ्यात एक गाडी दारात येऊन उभी राहिली. टकटक, टकटक. पुतण्याची होती. शेजारच्या सीटवरून मिस्त्री उतरले. शर्ट पांढराच, गालावर आठवड्याचे खुंट. बाबा खुर्चीत होते. मला वाटलं, आता हे सरळ आत बाबांकडे जाणार, म्हणून मी हातही पुढे केला नाही. ते माझ्यासमोर येऊन थांबले, पुतण्याच्या हातातली चावी घेतली आणि पुढे धरली.

"मिस्त्री, पाहता का जरा हिले?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

सामान त्याच दिवशी मिळालं आणि मी काम धरलं. मिस्त्री स्टुलावर बसले, पण मागच्यासारखे नाही. दोनदा उठले, दोनदा बसले. पट्टा चढवताना त्यांच्याच्याने राहवेना, "रेघ..." म्हणाले. मी म्हटलं, "या, तुम्हीच पाहा." ते वाकले, आता डोळे साफ होते, आणि म्हणाले, "आली." मी शेवटचा बोल्ट आवळला, चादर टाकली. त्यांची नजर माझ्या हातातल्या चावीवरून हलत नव्हती. बोटं मांडीवर वाजत होती.

"मंग, लावाची का?"

"आधी समोर जाऊन दाढी करून या," मी म्हटलं.

ते मोठ्याने हसले. बाबाही हसले, आणि कधी नव्हे ते स्वतः स्टूल उचलून त्यांच्याबरोबर निघाले. दोघं म्हातारे एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडून गेले. थोड्या वेळाने इकडूनही दिसत होतं: मिस्त्री खुर्चीत, तोंडभर साबण, बाबा शेजारी स्टुलावर. बाबांनी काहीतरी सांगितलं आणि मिस्त्री इतके हसले, की सलूनवाल्याला वस्तरा बाजूला घ्यावा लागला. मग बाबाही डोळे पुसत हसायला लागले. माझ्याबरोबर बाबा असे कधीच हसलेले नाहीत.

अर्ध्या तासातली वीस मिनिटं अजून बाकी होती. चावी माझ्या खिशात होती, खिळा माझा होता, मिस्त्रीही मीच होते. तरी मी रस्त्याच्या या बाजूला उभी राहून त्या खुर्चीकडे बघत होते, आणि मला पुन्हा त्यांचा हेवा वाटत होता.